आतून झिजलेलं टायर

कोपरगाव,
१६ जून २०२४

ती. मामांना धनश्रीचा नमस्कार.

परवा फोन केला होता, तो शेजारच्या बिभीषणभाऊंनी उचलला. मी म्हणाले, "मामांना सांगा, गाडीचं टायर आतून झिजलंय." तर ते तुमच्या कानाशी ओरडले, "सूनबाई टायर विकतीय!" मला हसू आलं, फोन ठेवून दिला. तुमचे कान गेल्यापासून आपल्याला कागदच बरा.

झालं असं, की पुढचं डावं टायर बाहेरून बघितलं तर नव्यासारखं दिसतं. पण काल शाळेच्या आवारात स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी उभी केली, तेव्हा चाकाची आतली कड दिसली. पार गुळगुळीत झालीय, पाटीसारखी. उजवंही आतूनच झिजलंय, पण जरा कमी. गुढीपाडव्याला तुम्ही गाडीला दोरा ताणून, पट्टीने मोजून दोन्ही चाकं सरळ करून दिली होती. इतक्या लवकर झिजतं का? शाळेचा रस्ता वाईट आहे हे खरं. उसाच्या ट्रॉल्यांनी त्याची चाळण केलीय आणि साखर कारखान्याचा हंगाम संपला तरी खड्डे बुजत नाहीत.

हे होते तेव्हा चाकात हवा किती भरतात तेही मला माहीत नव्हतं. आता तीन वर्षं झाली, सगळं मीच बघते. शाळा सुटल्यावर घरापाशी गाडी उभी केली की जरा वेळ आतच बसून राहते. खोलीत गेलं की मग सकाळपर्यंत कुणाशी बोलायचं नसतं. गाडीत निदान रस्त्यावरची माणसं दिसतात.

काय करू ते कळवा. तब्येतीला जपा.

तुमची सून,
धनश्री

•

मिरजगाव,
२३ जून

चि. धनश्रीस आसारामचा आशीर्वाद.

टायर इकलं न्हाईस हे बरं झालं.

आता एक कर. टायरवर तळहात फिरव. आधी बाहेरनं आत, मग आतनं बाहेर. एकीकडनं मऊ लागंल अन दुसरीकडनं करवतीवानी बोचंल. बोचलं तर समज की चाक सरळ पळत न्हाई, फरफटत चाललंय. त्याचं तोंड एकीकडं अन वाट दुसरीकडं. म्हनून एकच कड खातंय. माझ्या दोऱ्याची चूक न्हाई. खड्ड्यात चाक आपटलं की त्याला धरनारी आडवी दांडी हलती, टाय रॉड म्हनत्यात तिला. म्हंजी पुन्हा दोरा लावायला लागनार.

तिकडं कुनाला दाखवू नको. कॉम्प्युटरवाले चाकाला आरसे लावत्यात अन टीव्हीत बघत बसत्यात. तू गाडी घेऊन इकडं ये. तीस वर्सं या रोडवर चाकं सरळ केली, घरच्या गाडीला काय झालंय?

बनू गेल्यापासनं भाकरी मी माझ्यापुरत्याच थापतो, पन भाकरीबरुबरचं कोरड्यास मातूर चौघांचं हुतं. तुझ्या सासूच्या हाताचं माप डोळ्यात बसलंय, ते कमी हुत न्हाई. उरलेलं सकाळी कुत्र्याला. दिवसभर दुकानाम्होरं बाकड्यावर बसतो. पैले आवाजावरनं सांगायचो, ही गाडी वळखीची, ही परमुलखातली. आता सोलापूरकडं जानाऱ्या सगळ्या गाड्या मुक्यानं जात्यात.

रविवारी ये. मुक्काम कर. आदिनाथला आवडायची तसली शेंगोळी करतो. येताना हळू चालव.

आसाराम

•

कोपरगाव,
१० जुलै

ती. मामा,

सुखरूप पोचले. पत्राला उशीर झाला, माफ करा. गाडी आता छान चालते. स्टेअरिंग हातात हलकं लागतं आणि नाकासमोर जाते. काळजी करू नका.

अक्षर मोठं दिसेल. यंदा मला पहिलीचा वर्ग मिळालाय. दिवसभर फळ्यावर अ-आ काढून हाताला तीच सवय लागली. स्केचपेनही वर्गातलाच आहे.

शेंगोळी फार चांगली झाली होती. तुम्ही समोर बसून मला वाढत होतात तेव्हा वाटलं, किती दिवसांनी कुणी विचारतंय, "अजून घे." इथे घरमालकीण चांगली आहे, पण तिचं एकच असतं, "एकटी बाई, दार लावून घेत जा." माहेरी गेलं की आई दुसऱ्या लग्नाचा विषय काढते, म्हणून तिकडेही फार जात नाही.

एक गंमत सांगायची राहिली. निघाल्यावर मी आधी पेट्रोल भरायला कडा गावच्या बाजूला वळले होते. परत येताना तुमच्या समोरून गेले, तर तुम्ही नगरकडे चाललेल्या दुसऱ्याच पांढऱ्या गाडीला हात करत होता. मी हॉर्न वाजवला आणि मग आठवलं, तुम्हाला ऐकू येत नाही.

डाव्या डोळ्याला पाणी येतं म्हणाला होतात, ते थांबलं का?

धनश्री

•

मिरजगाव,
१२ ऑगस्ट

चि. धनश्री,

डोळ्यावर ऊन हुतं त्या दिवशी. पांढऱ्या गाड्या काय कमी झाल्यात व्हय रोडवर?

गाडी नाकासमोर चालती हे वाचून लई बरं वाटलं. तुझी चिठ्ठी खिशातच ठिवली हाय, त्याचं कारन सांगतो. गेल्या आठवड्यात कर्जतचा एक जीपवाला आला. दाराशी आला अन हातवारे करून भांडाय लागला. मला ऐकू येईना, पन टायरवर लाथ मारत हुता त्यावरनं समजलं. म्हनला असंल, तुम्ही चाक सरळ केलं अन टायर महिन्यात खाल्लं. म्यां खिशातनं तुझी चिठ्ठी काढून त्याच्याम्होरं धरली. म्हनलं वाच. ही माझी सून, मास्तरीन हाय. एवढ्या लांब कोपरगावास्नं माझ्याकडं येती. तिची गाडी सरळ पळती तर तुझीच कशी वाकडी पळंल? हलक्या कंपनीचं टायर घालतोस अन मला बोलतोस. म्यां त्याला पुन्हा दोरा लावून दिला, पैसं घेतलं न्हाईत.

बायपासला कॉम्प्युटरवाला आल्यापासनं गिऱ्हाईक कमी झालं. तरी जुनी मानसं येत्यात. ती येत्यात तवर दिस जातो. शटर खाली वढलं की मग रात लई मोठी हाय बघ.

तुझी चिठ्ठी हाय तवर मला कुनाची भीती न्हाई.

आसाराम

•

कोपरगाव,
२५ ऑगस्ट

ती. मामा,

पत्र मिळालं, दोनदा वाचलं.

ती चिठ्ठी लोकांना दाखवू नका. माझी गाडी आणि त्यांची गाडी, रस्ते वेगळे, चालवणारे वेगळे.

एक विनंती आहे. कर्जतला डोळे तपासायचं शिबिर आहे असं पेपरात आलंय. बिभीषणभाऊंबरोबर सहज जाऊन या. साठीनंतर सगळ्यांनीच दाखवायचं असतं. आमच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांनी दाखवले, मलाही चष्मा लागला. आणि ते होईपर्यंत थोडे दिवस दुकान बंद ठेवलं तर? पावसात गाडीखाली ओलीवर झोपून काम करता, कंबर धरते म्हणता. महिनाभर इकडे या. गोदावरीला पाणी आलंय, संध्याकाळी घाटावर बसू.

रागावू नका.

धनश्री

•

मिरजगाव,
१५ सप्टेंबर

चि. धनश्री,

डोळ्याला काय धाड भरली न्हाई. तुझं पत्र वाचलं न्हव का मी? मग झालं.

दुकान बंद करून कोपरगावात काय करू? घाटावर बसून पानी बघू? तू साळंत जाशील अन मी तुझ्या खोलीत भिताडाकडं तोंड करून बसंन. इथं निदान बाकडं माझं हाय.

अन काम न्हाई असं समजू नको. बिभीषनची सगळी मंडळी नवरात्रात तुळजापूरला निघाल्यात. म्हातारी आई, दोनी सुना, लेकरं, गाडी भरून. घाट उतरायचा हाय. त्यानं गाडी दुसऱ्या कुनाकडं न्हेली न्हाई, माझ्याच दारात लावली. उद्या दोरा लावनार हाय. त्याचा माझ्यावर इस्वास हाय. घरच्या मानसांनी पन ठेवावा.

आसाराम

•

कोपरगाव,
२१ सप्टेंबर

मामा,

पत्र आत्ता मिळालं. बिभीषणभाऊंच्या गाडीला हात लावला नसेल तर लावू नका. लावला असेल तर ती गाडी घाटात जाऊ देऊ नका. मी त्यांनाही फोन करतेय. कारण भेटल्यावर सांगते.

धनश्री

•

मिरजगाव,
८ ऑक्टोबर

धनश्री,

तू भेटायच्या आधीच मला कारन समजलं.

बिभीषनला तुझा फोन आला. त्यानं गुपचूप गाडी नगरला न्हेली, मशीनवर दाखवली, सरळ करून घेतली अन मग तुळजापूरला गेला. परत आल्यावर परसाद घेऊन आला अन माझ्याजवळ बसला. मग उठून माझा दोरा काढला, त्याच्या गाडीला बांधला, पट्टी चाकाला लावली अन बोट ठिवून मला खुनंनं इचारलं, किती? म्यां सांगितलं. त्यानं मान हलवली. बोट सरकवलं, पुन्हा इचारलं. पुन्हा मान हलवली. तिसऱ्या बारीला म्यां सांगितलंच न्हाई. तो रडत हुता. मला त्याचं तोंड नीट दिसत न्हवतं, पन खांदे हलत हुते.

मशीनवाल्यानं त्याला इचारलं म्हनं, ही चाकं कुनी सरळ केली? दोन बैल दोन रानात निघाल्यावानी तोंडं हुती चाकांची. घाटात टायर फुटलं असतं तर? म्हातारी, लेकरं.

अन तू. जुलैत माझ्याकडनं दोरा लावून घेतलास, शेंगोळी खाल्लीस, अन जाताना नगरला थांबून ती चाकं दुसऱ्याकडनं सरळ करून घेतलीस. बिभीषनला फोनवर तूच सांगितलंस, त्यानं ते माझ्या कानात सांगितलं. मला ल्हिलंस, नाकासमोर चालती. म्यां ती चिठ्ठी लोकाला दाखवत बसलो. त्या कर्जतवाल्याला तुझी चिठ्ठी दाखवून पुन्हा वाकडी चाकं देऊन पाठवला.

पैलीचा वर्ग न्हाईच तुझा. तुझी अक्षरं मोठी झाली तवाच मला कळाय पायजे हुतं. परक्यानं फसवलं तर मानूस भांडतो. आपल्यानं फसवल्यावर काय करायचं?

दुकान बंद केलं हाय.

आसाराम

•

कोपरगाव,
१४ ऑक्टोबर

ती. मामा,

तुम्ही लिहिलं ते सगळं खरं आहे. वर्ग चौथीचाच आहे.

जुलैत तुम्ही पट्टी वाचायला डोकं तिरपं करत होता. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. पाना हातातून पडला, तो पायाशीच होता आणि तुम्ही जमिनीवर हात फिरवत शोधत होता. मी उचलून दिला तर म्हणालात, "ग्रीस लागलंय, निसटतो." परत येताना गाडी इतकी ओढत होती की श्रीगोंद्याच्या फाट्यापर्यंतसुद्धा मला ती सरळ धरता येईना. नगरला थांबले, ते भीतीने. त्या माणसाने विचारलं, कुणाकडून केलं? मी म्हणाले, माहीत नाही. मामा, तुमचं नाव मी त्याच्यापुढे घेतलं नाही.

तुम्हाला का सांगितलं नाही? कान गेले. आत्याबाई गेल्या. मग हे गेले. तुमच्याकडे तेवढा दोरा राहिला होता. तो माझ्या हाताने काढून घ्यायचा, हे मला जमलं नाही. वाटलं, माझ्या एका गाडीपुरतं खोटं आहे, कुणाचं काय बिघडतंय? त्या खोट्यावर तुम्ही बाकीच्यांच्या गाड्या कराल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कर्जतवाल्याचं वाचलं तेव्हा ते कळलं. तरीसुद्धा सरळ लिहिलं नाही, शिबिराचं लिहिलं.

शिव्या द्या, पण लिहा.

धनश्री

•

कोपरगाव,
९ नोव्हेंबर

ती. मामा,

माझं पत्र पोचलं का? फोन केला तर बिभीषणभाऊ म्हणतात, "हायेत, बरे हायेत," आणि दुसरंच काही बोलतात. दिवाळीला तुम्ही बोलावलं नाही, म्हणून आले नाही. सगळी सुट्टी खोलीतच काढली. घरमालकीण फराळाचं ताट देऊन गेली, ते चार दिवस पुरलं. पाडव्याला गाडी धुतली, हार घातला. बाकी काही केलं नाही.

दोन ओळी तरी.

धनश्री

•

मिरजगाव,
२४ नोव्हेंबर

चि. धनश्रीस आशीर्वाद.

कागदावर फूटपट्टी ठिवून तिच्या कडंनं ल्हितोय, तवा ओळ सरळ येती. एक पत्र ल्ह्याला दोन दिस लागले. वाकडं दिसलं तर समजून घे.

दिवाळीत मी घरी न्हवतो. शिमग्यापासनं ज्यांच्या ज्यांच्या गाड्यांना दोरा लावला हुता, त्यांची नावं आठवली. त्या सगळ्यांकडं गेलो. एसटीनं, कुठं चालत, कुठं बिभीषनच्या गाडीवर मागं बसून. दारात उभं ऱ्हायचं अन सांगायचं, चाकं मशीनवर दाखवून घ्या, माझी नजर गेली. कुनी चहा पाजला. एका ठिकानी बाईला वाटलं दिवाळीचं मागायला आलोय, तिनं करंजी आनून हातावर ठिवली. म्यां खाल्ली. तो कर्जतवाला जीपवाला लई बोलला असंल, मला ऐकू आलं न्हाई हे बरंच झालं. पन मग त्यानंच मला स्टँडवर आनून सोडलं अन खिडकीची जागा धरून दिली. सगळ्यांच्या गाड्या धड हायेत. कुनाला काय झालं न्हाई. एवढं मातूर देवानं सांभाळलं.

त्यानंतर बिभीषननं नगरला डॉक्टरकडं न्हेलं. काचबिंदू हाय. डाव्याचं गेलं ते गेलंच, उजव्याचं थोडकं हाय, ते थेंब टाकून टिकवायचं.

आता खरं सांगतो. तुझ्यावर रागावलो, पन तो राग अर्धाच तुझ्यावर हुता. शिमग्यातच मला समजलं हुतं की पट्टीवरच्या रेघा एकात एक जात्यात. बोटानं चाचपून, अंदाजानं करायचो. कुनाला बोललो न्हाई. का बोललो न्हाई? आदिनाथ गेल्यावर लोक म्हनले, सून आता कशाला येती, पोर न्हाई, बाळ न्हाई. पन तू येत ऱ्हायलीस. गाडी घेऊन यायचीस. म्यां म्हनलं, गाडीच्या चाकापायी का हुईना, वरसातनं दोन-तीन येळा दारात उभी ऱ्हाती. दोरा हातातनं गेला तर ती कशाला यील? त्यापायी गप ऱ्हायलो. अन त्यापायी बिभीषनची लेकरं घाटात पाठवाय निघालो हुतो.

तू मला दोरा ऱ्हावा म्हनून खोटं बोललीस, अन मी तू यावीस म्हनून. दोघं बी येडेच.

गाडी आता तिकडं मशीनवर दाखवत जा. टायरची हवा बघत जा. इकडं यायची गरज ऱ्हायली न्हाई, हे मला कळतंय. तुझी आई म्हनती त्याचा पन इचार कर. माझं मन मोडंल असं समजू नको.

दुकानाचं शटर उघडतो सकाळी. सवय हाय. कुनी थांबलं तर बायपासकडं हात करतो.

आसाराम

•

कोपरगाव,
३० नोव्हेंबर

ती. मामा,

शाळेत मधल्या सुट्टीत तुमचं पत्र वाचलं. पुढचा तास घेता आला नाही. मुलांना चित्रं काढायला लावली.

आई म्हणते त्याचा विचार मी करीन किंवा करणार नाही. पण उद्या मी लग्न केलं तरी मिरजगावला येईन, आणि नाही केलं तरी येईन. "अजून घे" म्हणणारं माणूस मला तिथेच आहे. तुम्हाला वाटत होतं, मी चाकांसाठी येते. मामा, कोपरगावात टायरची दुकानं गल्लोगल्ली आहेत. मिरजगावला यायला मलाच काहीतरी कारण लागायचं. नुसतंच यावंसं वाटलं म्हणून आले, असं सासऱ्याला कसं सांगायचं? आत्याबाई असत्या तर त्यांच्याशी बोलले असते. तुमच्याशी बोलायला मला गाडीच सापडली.

येत्या शनिवारी येते. गाडी आणणार नाही. ती इथे दारात उभी राहील. सकाळच्या एसटीने निघते, नगरला बदलून दुपारपर्यंत पोचेन. दोन दिवस राहीन. डोळ्यांचे थेंब कधी टाकायचे ते डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तो कागद काढून ठेवा.

आणि कोरड्यास तेवढंच करा, चौघांचं.

धनश्री

•

मिरजगाव,
४ डिसेंबर

चि. धनश्री,

हे पत्र शनिवारच्या आत पोचावं म्हनून नगरला जानाऱ्या कंडक्टरच्या हातात देतोय. तो म्होरं कोपरगावच्या गाडीत देनार हाय.

स्टँडवर मी येतो. दुपारपासनंच येऊन बसंन. गाडीतनं उतरलीस की लांबनं हाक मारू नको, मला ऐकू यायचं न्हाई. हात करू नको, मला दिसायचं न्हाई. सरळ माझ्याजवळ ये अन हाताला धर. तू हायस ते मला कळंल.

आसाराम